विश्वासातली तीन माणसं

मंडळाचा पहिला नियम मामानं स्वतः लिहिला होता आणि तो सगळ्यांत आधी मोडलाही त्यानंच. नियम असा होता: 'घरट्याची जागा कुणालाही सांगू नये.' पक्षिमित्र मंडळाच्या ग्रुपवर तो कायम सगळ्यांत वर टाचलेला असायचा, एका बाजूला हिरवं पान आणि दुसऱ्या बाजूला जोडलेले हात. दर रविवारी कुणीतरी एखाद्या पक्ष्याचा फोटो टाकायचं आणि खाली लिहायचं, 'जागा गुप्त.' मग बाकीचे 'वा वा' करायचे, 'ही खरी निसर्गसेवा' म्हणायचे, आणि तेवढ्यात तोच माणूस हळूच आपल्या विश्वासातल्या फक्त तीन माणसांना जागा कळवून टाकायचा. त्या तिघांचीही आपापली विश्वासातली तीन माणसं असायची. भिंगरीनं एकदा गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसून हा हिशेब मांडून पाहिला, तर आठवड्याच्या आत अख्खं शहर विश्वासातलं निघालं.

भिंगरी म्हणजे मामाची सख्खी भाची. शाळेच्या पटावर तिचं वेगळं नाव होतं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात भिंगरी. दहावीत होती. मंडळात वयानं सगळ्यांत लहान, त्यामुळे गेल्या वर्षापर्यंत तिचं काम खुर्च्या मांडायचं आणि चहाचे कप गोळा करायचं. यंदा मात्र तिला कंठ फुटला होता. आता ती खुर्च्या मांडायची, पण मांडता मांडता बोलायची.

कंठ फुटला तो टिटवीमुळे. गेल्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या मोकळ्या रानात टिटवीनं अंडी घातली. जागा गुप्त! इतकी गुप्त, की रविवारी तिथे मोटारी लावायला जागा उरली नाही. फोटोत गवताची काडी आडवी येते म्हणून दातवाल्या डॉक्टरांनी गवत उपटलं. सावली पडते म्हणून मामानं झुडपाची फांदी मागे बांधून ठेवली. बिचारी टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत घसा फाडून ओरडत होती आणि खाली ही मंडळी एकमेकांना म्हणत होती, "काय एक्स्प्रेशन आहे!" संध्याकाळपर्यंत अंडी उन्हात भाजून निघाली आणि उरलंसुरलं कावळ्यांनी नेलं. मामाच्या फोटोला बक्षीस मिळालं. फोटोचं नाव 'आईची माया'. तो अजून त्याच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या वर टांगलेला आहे, आणि तिथे बसलं की भिंगरीच्या घशाखाली बिस्किट उतरत नाही.

आता यंदाची गोष्ट.

भिंगरीच्या बाबांची घराला लागूनच लाकडाची वखार होती. पुढे फळ्यांच्या थप्प्या, मध्ये मोठी करवत, एका बाजूला चौकटी जोडायची जागा, आणि सगळ्यात मागे बांबूच्या बेटाखाली वाळक्या पानांचा आणि भुशाचा गालिचा. तिथे कुणी फारसं फिरकायचं नाही. एका दुपारी भिंगरी रंध्याच्या सालींची पाटी ओतायला मागे गेली. पाटी उपडी करणार, इतक्यात एका वाळक्या पानानं डोळा उघडला.

भिंगरी जागच्या जागी खिळली. पानानं डोळा मिटला. मग पुन्हा एक बारीकशी फट उघडली. पान नव्हतंच ते. तो पक्षी होता, भुशाच्या रंगाचा, पानांच्या रंगाचा, जुन्या फळीच्या रंगाचा, आणि जमिनीवर असा चिकटून बसलेला की जमिनीनंच त्याला प्रसवलं असावं. पोटाखालून अंड्याची कड दिसत होती. रातवा! आणि रातव्यातही ती मोठ्या शेपटीची जात, जी मंडळातल्या एकाही माणसानं आजवर पाहिली नव्हती आणि जिच्या नावानं मामा झोपेतसुद्धा उसासे टाकायचा.

भिंगरी उलट्या पावली मागे आली. पाटी तशीच भरलेली. छाती अशी धडधडत होती की करवत चालू आहे की काय असं वाटावं. पहिला विचार आला तो खरं सांगायचं तर असा: सांगावं! आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाकावं! खुर्च्या मांडणाऱ्या पोरीनं मंडळाचं नाक कापलं असं होऊ दे! फोन तिच्या हातात आलासुद्धा. मग तिला टिटवी आठवली आणि फोन खिशात गेला.

आता एक गंमत अशी, की रातव्याचा आवाज घरातल्यांनी कधीचाच ऐकला होता, पण कुणाला कळलं नव्हतं. हा पक्षी दिवेलागणीला ओरडतो आणि ओरडतो तो गाण्यासारखा मुळीच नाही. पोकळ ओंडक्यावर कुणी मोगरीनं ठोकावं तसा: ठॉक, ठॉक, ठॉक, ठॉक. लाकडाच्या वखारीत ठोकल्याचा आवाज आला तर कोण दचकणार? दचकल्या त्या फक्त शेजारच्या काकू. त्या भिंतीवरून रोज भांडायच्या.

"काय हो वखारवाले, दिवसभर कान किटवलेत ते पुरलं नाही का? संध्याकाळी तरी मोगरी खाली ठेवा! मला मालिकेतलं एक अक्षर ऐकू येत नाही."

"अहो काकू, मी तर हात धुऊन चहा पीत बसलोय," बाबा म्हणायचे.

"मग काय भूत ठोकतंय?"

शेवटी भिंगरीनं आधी बाबांना आणि मग काकूंना विश्वासात घेतलं. बाबा म्हणाले, "अगं, पुढच्या आठवड्यात सागाचा माल यायचाय, मी तो मागेच उतरवणार होतो. पाखराला म्हणावं जरा सरक."

"बाबा!"

"बरं बाई, उतरवतो पुढेच. गिऱ्हाईक उडी मारून आत येईल."

काकूंनी भिंतीवरून मान लांब केली, बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मला काही दिसत नाही. पण पोटुशी आहे म्हणतेस तर ठोकू दे बाई. मी टीव्हीचा आवाज वाढवते."

"काकू, ठोकतो तो नर. आणि कुणाला सांगायचं नाही हं."

"मी कुणाला सांगू? माझ्याशी बोलतं कोण?"

झालं. तीन माणसं. भिंगरी दररोज शाळेतून आली की लांबूनच, करवतीच्या आडून, एक नजर टाकायची. फोटो काढला नाही. एकही नाही. एवढी एकच गोष्ट तिला जड गेली, पण ती तिनं केली.

आणि मग, कुठे माशी शिंकली कोण जाणे, एका संध्याकाळी मामा बहिणीला भेटायला आला.

मामा येतो तो एकटा येत नाही, लेन्स घेऊन येतो. त्याची लेन्स तान्ह्या बाळासारखी दुपट्यात गुंडाळलेली असते. मामी म्हणते, पोरांना कधी एवढं जपून धरलं नाही. तर मामा अंगणात चहा पीत बसला होता आणि आईला सांगत होता की दातवाला डॉक्टर हा कसा फोटोचोर आहे. दिवे लागले. आणि बांबूच्या बेटातून सुरू झालं: ठॉक, ठॉक, ठॉक.

मामाचा कप ओठापाशीच थांबला. "हे काय?"

"काय?" भिंगरी म्हणाली.

"हा आवाज!"

"बाबा फळी ठोकताहेत."

बाबा त्या क्षणी मामाच्या समोर, हातात बशी धरून बसले होते.

मामानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी भिंगरीकडे पाहिलं. बाबांना खोटं बोलता येत नाही. दुधात पाणी घालायला सांगितलं तर ते गवळ्याला फोन करून विचारतील. पण त्या दिवशी ते उठले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे आपला तो कारागीर. चुकीचं ठोकतोय. थांबा, दाखवून येतो." आणि आत जाऊन त्यांनी मोगरी उचलली आणि एका बिचाऱ्या फळीवर असं ठोकायला सुरुवात केली, की रातवा गप्प झाला. बहुधा त्यालाही आपल्यापेक्षा मोठा नर आल्यासारखं वाटलं असावं.

"हं," मामा म्हणाला. पण त्याचा कप रिकामा झाला नाही, आणि जाताना त्यानं दोनदा वळून पाहिलं.

त्या रात्री ग्रुपवर मामाचा मेसेज आला: 'एका अतिदुर्मिळ पक्ष्याबद्दल चाहूल. तपशील गुप्त. नियम क्र. १ लक्षात ठेवावा.' खाली जोडलेले हात.

बस्स! मंडळात जणू मुंग्यांच्या वारुळात पाणी गेलं. सकाळी दातवाल्या डॉक्टरांचा भिंगरीला फोन. "बाळा, तुझ्या मामानं तुला काही सांगितलंय का? आपल्या दोघांतच राहील हो. तुझ्या अक्कलदाढेचं पुढे काय करायचं ते मी बघतो." दुपारी मामाचा फोन. "भिंगरे, खरं सांग. तो आवाज तू आणखी कुठे ऐकलास का? डॉक्टरला कळायच्या आत मला कळलं पाहिजे. पहिली नोंद माझी झाली पाहिजे. एकदा नोंद झाली की मग आपण करू संरक्षण-बिंरक्षण."

संरक्षण-बिंरक्षण! भिंगरीनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे पाहून जीभ काढून दाखवली. असं चालू राहिलं तर दोन दिवसांत मामा पुन्हा वखारीत येणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. काट्यानं काटा काढायचा तर काटा यांच्याच झाडाचा हवा.

गावाबाहेर विटांची एक बंद पडलेली भट्टी होती. फुटक्या बाटल्या, काटेरी झुडपं, मध्ये पडकी लांब भिंत. पक्षी म्हणाल तर तिथे कावळासुद्धा पाणी प्यायला थांबत नाही. भिंगरीनं मामाला फोन केला आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "मामा, तुलाच सांगते हं. विटांची भट्टी. भिंतीच्या अलीकडे. संध्याकाळी."

"शाब्बास! कुणाला सांगू नकोस."

"तूही सांगू नकोस."

"छे! फक्त विश्वासातली तीन माणसं."

मग तिनं डॉक्टरांना फोन केला. "डॉक्टरकाका, तुम्हालाच सांगते हं. भिंतीच्या पलीकडे."

मंडळाचा दुसरा नियम असा होता की पक्ष्याला भुलवण्यासाठी त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवू नये, विशेषतः विणीच्या दिवसांत. का, तर नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो घरटं सोडून भांडायला धावतो. हा नियम डॉक्टरांनी लिहिला होता. त्यावरून तुम्हाला पुढचं कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी भिंगरी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते सांगून सायकलवर निघाली आणि भट्टीच्या पडक्या भिंतीच्या टोकाला, जिथून दोन्ही बाजू दिसतात, तिथे चढून बसली. अलीकडून मामा आला, मागे त्याची विश्वासातली तीन माणसं, चौघांच्याही अंगावर ठिपक्याठिपक्यांचे हिरवे कपडे. लाल विटांच्या ढिगावर ते असे उठून दिसत होते की आंधळ्यालाही दिसले असते. पलीकडून डॉक्टर आले, त्यांच्यासोबत त्यांची तीन. तेही ठिपकेवाले. भिंत उंच, त्यामुळे इकडच्यांना तिकडचे दिसेनात. सगळे झुडपांत ओणवे झाले. कुणाच्या तरी पाठीत उसण भरली, त्याला बाकीच्यांनी तोंड दाबून गप्प केलं.

अंधारू लागलं. मामानं पिशवीतून छोटा स्पीकर काढला आणि हळूच बटण दाबलं. ठॉक, ठॉक, ठॉक.

पलीकडे डॉक्टर ताडकन सरळ झाले. त्यांनी छातीवर हात ठेवला. मग घाईघाईनं आपला स्पीकर काढला आणि उत्तर दिलं. ठॉक, ठॉक, ठॉक.

अलीकडे मामानं आपल्या शेजारच्या माणसाचा दंड इतका जोरात दाबला की तो कळवळला. "उत्तर देतोय! नर आहे! चिडलाय!"

आणि मग सुरू झाली जुगलबंदी. इकडून ठॉक, तिकडून ठॉक. मामा भिंतीकडे एक हात सरकला, तर पलीकडून डॉक्टरही एक हात सरकले. "जवळ येतोय, जवळ येतोय," दोन्हीकडे एकाच वेळी कुजबुज. दोघांचेही फोन रेकॉर्डिंगला लावलेले, आणि आपल्याच कुजबुजीत दोघांनाही पलीकडचं बाकी काही ऐकू येईना. भिंगरीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता, तरी डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उंटावरचे शहाणे ऐकले होते. हे तर उंटाखाली घुसून एकमेकांना उंट समजत होते. डासांनी दोन्ही बाजूंना सारखाच न्याय केला. पूर्ण काळोख झाल्यावर दोन्ही फौजा आपापल्या वाटेनं विजयी होऊन परतल्या.

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात तातडीची सभा भरली. तिथल्या बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठ्ठं चित्र, टेबलावर उघडा जबडा, आणि एक टीव्ही, ज्यावर एरवी ब्रश कसा फिरवावा ते दाखवतात. भिंगरीनं खुर्च्या मांडल्या आणि सगळ्यात मागे बसली.

मामा उठला, डॉक्टर उठले. दोघंही एकदमच म्हणाले, "एक ऐतिहासिक नोंद जाहीर करायची आहे."

"तुम्ही बसा," डॉक्टर म्हणाले. "दवाखाना माझा आहे." आणि त्यांनी फोन टीव्हीला जोडला. "मित्रांनो, जागा गुप्त ठेवतो. पण हा आवाज ऐका. नैसर्गिक अधिवासातला, संतप्त, जंगली नर!"

ठॉक, ठॉक, ठॉक. सगळे डोळे मिटून ऐकत होते. एका बाईंनी चक्क हात जोडले. ठॉक, ठॉक. मग जरा खरखर झाली, आणि त्या संतप्त, जंगली नरानं खणखणीत पुरुषी आवाजात म्हटलं, "तर मंडळी, आवाज आवडला असेल तर चॅनेलची घंटी दाबायला विसरू नका!"

हात जोडलेल्या बाईंनी हात खाली घेतले.

"फारच शिकलेला नर आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

मामा तर हसून हसून खुर्चीवरून घसरायचा राहिला. "अहो डॉक्टर, कुणीतरी तिथे बसून स्पीकर वाजवत होतं आणि तुम्ही खुळ्यासारखे ऐकत बसलात! आता खरा ऐका!" आणि त्यानं आपला फोन लावला.

ठॉक, ठॉक, ठॉक. मग त्याच नरानं, डॉक्टरांच्या आवाजात, कुजबुजत म्हटलं, "अहो, चपला वाजवू नका! जवळ आलाय तो!"

हसू फुटलं ते असं की आतल्या खोलीतला तोंड उघडून बसलेला पेशंट उठून बाहेर आला. मामाचा चेहरा पांढरा, डॉक्टरांचा जांभळा. हळूहळू दोघांच्याही डोक्यात उजेड पडला, आणि दोन्ही माना एकाच वेळी मागच्या रांगेकडे वळल्या.

"भिंगरे," मामा म्हणाला. "तू मला सांगितलंस."

"मलाही," डॉक्टर म्हणाले.

भिंगरी उठली. "हो, दोघांनाही सांगितलं. विश्वासानं सांगितलं. तुम्ही दोघांनी सोबत तीन-तीन माणसं आणली. आणि दोघांनीही स्पीकर वाजवला. नियम कुणी लिहिले होते? तिथे खरंच घरटं असतं तर त्या नरानं काय करायचं होतं? तुमच्या दोघांच्या मध्ये फेऱ्या मारायच्या होत्या? की टिटवीसारखं डोक्यावर ओरडत बसायचं होतं, आणि तुम्ही म्हणणार काय एक्स्प्रेशन आहे!"

"म्हणजे घरटं आहे," मामा हळूच म्हणाला. "कुठेतरी खरंच आहे."

"आहे! आणि तुम्हाला नाही सांगणार! माझी विश्वासातली तीन माणसं झाली. मी, बाबा आणि शेजारच्या काकू!"

काय तो रुबाब! काय ती फेक! शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत असती तर टाळ्या पडल्या असत्या. भिंगरी ताठ मानेनं बाहेर पडली, सायकलवर टांग टाकली आणि चौकापर्यंत विजयी वीरासारखी गेली. चौकात सिग्नल लाल झाला. ती थांबली, आणि आपण काय बोलून आलो ते तिला आठवलं.

बाबा. शेजारच्या काकू. अगं महामूर्खे! नकाशाच काढून दिलास की! बाबा दिवसभर कुठे असतात? काकूंची भिंत कशाला लागून आहे? नाचता येत होतं म्हणून नाचलीस आणि अंगण दाखवून आलीस. यांच्या पंक्तीला बसायला तूही लायक झालीस!

सिग्नल हिरवा झाला तेव्हा ती जी सुटली ती वखारीच्या दारातच थांबली. पण मामाच्या मोटारीला चार चाकं होती. तो आधीच येऊन उभा होता, खांद्याला भाजीची वाटावी अशी पिशवी, आणि पिशवीतून लेन्सचं दुपटं डोकावत होतं.

"भावजी," तो बाबांना म्हणत होता, "चपलांचं कपाट करून घ्यायचं होतं. फळी स्वतःच्या डोळ्यांनी निवडावी म्हटलं. मागे असेल ना माल?"

"माल पुढे आहे," बाबा म्हणाले.

"मागे बघतो जरा." आणि तो निघालासुद्धा.

भिंगरी त्याच्यामागून धावली. बांबूच्या बेटाखाली दुपारचं ऊन कवडशांनी सांडलं होतं. पानांवर, नेहमीच्या जागी, मादी बसली होती. आता तिच्या पोटाखाली अंडी नव्हती, भुशाच्या गोळ्यासारखं पिल्लू होतं. मामानं आधी वर पाहिलं. मग बांबूच्या बुडाशी. मग जमिनीवर, एकेक पान, एकेक काडी, डोळ्यांत तेल घालून. रातवा जमिनीवर अंडी घालतो हे त्याला पुस्तकात पाठ होतं. त्याची नजर मादीवरून गेली. थांबली. नजर पुढे गेली.

आणखी चार पावलं टाकली असती तर बूट तिच्यावरच पडला असता.

"मामा, टिटवी आठव," भिंगरी म्हणाली. आवाज तिच्याही नकळत रडवा झाला होता. "तुझ्या सोफ्यावर जी आहे ती."

मामा क्षणभर थांबला. त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं, पण टिकलं नाही. "ते वेगळं. तेव्हा गर्दी होती. आत्ता मी एकटाच आहे," असं म्हणून त्यानं पिशवीतून स्पीकर काढला.

बटणावर अंगठा गेला, त्याच क्षणी बाबांनी करवत सुरू केली.

ज्यानं ती करवत ऐकली नाही त्याला आवाज म्हणजे काय ते कळायचं नाही. दात हलतात. मामाचा स्पीकर तोंड उघडून गप्प बसल्यासारखा झाला. भिंतीपलीकडून काकू ओरडू लागल्या, त्याही ऐकू येईनात, नुसता हात वरखाली दिसत होता. मामा ओरडून काहीतरी म्हणाला, बहुतेक "बंद करा". बाबांनी कानाला हात लावून "काय?" केलं आणि दुसरी फळी लावली. मग तिसरी. आणि मादी? ती हलली नाही. तिचं अख्खं बाळंतपण त्या करवतीच्या आवाजात पार पडलं होतं. तिला ती अंगाईच.

अखेर मामानं स्पीकर पिशवीत टाकला आणि कान दाबून तो पुढे आला. बाबांनी करवत थांबवली.

"इथे काही नाही," मामा म्हणाला. "असल्या गोंगाटात रातवा राहणं शक्यच नाही. पोरीनं पुन्हा शेंडी लावली."

"आणि कपाट?" बाबा म्हणाले. "माप काय घेऊ?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मामानं मागच्या कोपऱ्यातल्या, बांबूच्या बेटाशेजारच्या एका जुन्या थप्पीचा लांबूनच फोनवर फोटो काढला. "या रंगात जमेल का ते हिला विचारतो," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर तो फोटो आला. मामानं आईला, मामीला, सगळ्यांनाच विचारलं होतं: 'चपलांच्या कपाटाला ही फळी कशी वाटते? हा फिका रंग बरा की गडद?' आई म्हणाली, फिका. मामी म्हणाली, कपाट कुणी मागितलं होतं?

भिंगरीनं फोटो मोठा केला. थप्पी होती. थप्पीच्या खाली भुसा होता. भुशाच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, वाळक्या पानांत, दोन बारीक फटींनी सरळ मामाकडे पाहत रातव्याची मादी बसली होती, आणि तिच्या पंखाखालून पिल्लाची चोच बाहेर आली होती. आजवर कुणी काढला नसेल असा फोटो. बक्षीस घरी चालत आलं असतं. आणि तो मामाच्याच फोनमध्ये होता.

अंगणात दिवे लागले. मागून ठोकणं सुरू झालं आणि काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. भिंगरीची बोटं नुसती शिवशिवत होती. एकच वाक्य! डाव्या कोपऱ्यात बघ, एवढंच. मामाचं तोंड कसं झालं असतं!

पिल्लू उडून जाईपर्यंत ते वाक्य गिळायचं होतं. तिनं गिळलं, आणि त्याऐवजी लिहिलं:

'गडदच घे मामा. फिकं काही तुझ्या नजरेत भरत नाही.'